लघवीची नळी खुपते तेव्हा : घरी रुग्ण सांभाळणाऱ्यांसाठी

लघवी अडल्यामुळे, प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतर, खुब्याचे हाड मोडून अंथरुणाला खिळल्यामुळे किंवा अर्धांगवायूच्या झटक्यानंतर रुग्णाला मूत्राशयात नळी घालून घरी पाठवले जाते, तेव्हा घरच्यांच्या हातात औषधांची चिठ्ठी आणि ‘पिशवी भरली की रिकामी करा’ एवढी एकच सूचना असते. दोन दिवसांनी रुग्ण म्हणू लागतो की आत काहीतरी टोचते आहे, टोकाशी आग होते आहे, सारखी लघवीला लागल्यासारखी वाटते आहे. त्यावर बहुतेक घरांत ‘नळी आहे म्हटल्यावर थोडे खुपणारच’ असे उत्तर मिळते. हे उत्तर अर्धेच खरे आहे. नळी घातल्यावर पहिले एक-दोन दिवस अवघडल्यासारखे वाटणे स्वाभाविक असते; परंतु त्यानंतरही जे दुखणे टिकते, त्यामागे बहुधा एखादे ठरावीक कारण असते आणि ते कुठे दुखते व केव्हा दुखते यावरून पुष्कळदा घरच्या घरीच ओळखता येते. म्हणून गोळी देण्याआधी कारण शोधावे, असा माझा आग्रह आहे. ताणलेल्या नळीवर वेदनाशामक देत राहिल्याने ताण काही कमी होत नाही.

नळीची रचना ठाऊक असली की पुढचे सारे समजणे सोपे जाते. आपल्याकडे सर्वत्र वापरला जाणारा ‘फोली कॅथेटर’ हा फ्रेडरिक फोली या अमेरिकन शल्यविशारदाच्या नावाने ओळखला जातो. त्याच्या आतल्या टोकाशी एक छोटा फुगा असतो. नळी मूत्राशयात पोहोचल्यावर त्या फुग्यात साधारणपणे १० मिलिलिटर निर्जंतुक पाणी भरतात, म्हणजे नळी निसटत नाही. बाहेरच्या टोकाला नळीला दोन फाटे फुटतात : एक पिशवीला जोडलेला, तर दुसरा फुग्यात पाणी भरण्यासाठीचा, रंगीत तोंडाचा. हा दुसरा फाटा घरी कोणीही कधीही उघडू नये आणि कापू तर मुळीच नये.

हा फुगा मूत्राशयाच्या तळाशी, ज्या भागावर टेकतो तो भाग अतिशय संवेदनशील असतो. मूत्राशय भरल्याची जाणीव तेथूनच होते. म्हणून नळी बाहेरून ओढली गेली की फुगा त्या जागेवर दाबला जातो आणि पिशवीत लघवी व्यवस्थित उतरत असतानाही रुग्णाला लघवीची तीव्र भावना होते. त्या भागाच्या नसांमुळे ही कळ पुष्कळदा आत न जाणवता लिंगाच्या अगदी टोकाशी जाणवते. रुग्ण टोकाकडे बोट दाखवतो, घरचे तेथे पाहतात, तेथे काहीच दिसत नाही, आणि मग ‘उगाच कुरकुर करतात’ असा समज होतो. कुरकुर उगाच नसते. दुखण्याचे मूळ आत असते.

नळी नीट चिकटवणे

घरी होणाऱ्या त्रासाचे सर्वांत मोठे आणि सर्वांत सहज टाळता येणारे कारण म्हणजे नळीवर पडणारा ताण. पिशवीत एक लिटर लघवी साठली की तिचे वजन जवळजवळ एक किलो होते. नळी मांडीला बांधलेली नसेल, तर कूस बदलताना, उठताना, पलंगावरून पाय खाली सोडताना हे वजन थेट फुग्यावर येते. रुग्णालयातून येताना लावलेली चिकटपट्टी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घामाने सुटते आणि ती पुन्हा लावायची असते हे कोणी सांगितलेलेच नसते.

पट्टी लावण्याची पद्धत सांगतो. मांडीच्या वरच्या भागात, किंचित बाहेरच्या अंगाला जागा निवडावी. केस असतील तर ते कात्रीने बारीक करावेत. वस्तऱ्याने त्वचेला ओरखडे येतात. जागा साबण-पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करावी, तेल किंवा पावडर लावू नये. प्रथम कागदी चिकटपट्टीचा, म्हणजे मायक्रोपोरचा, चार बोटे रुंद तुकडा त्वचेवर सपाट लावावा. त्यावर नळीचा फाट्याजवळचा जाड भाग ठेवावा. दुसरी लांब पट्टी घेऊन तिचा मधला भाग नळीभोवती पूर्ण गुंडाळावा, नळीच्या खाली दोन्ही बाजू एकमेकींना चिमटीने चिकटवाव्यात आणि उरलेली दोन टोके खालच्या पट्टीवर दोन्हीकडे पसरून दाबावीत. अशाने नळी त्वचेत रुतत नाही, थोडी हलते, पण सरकत नाही. मेडिकलमध्ये मांडीला बांधायचा वेल्क्रोचा पट्टाही मिळतो. ज्यांची त्वचा नाजूक किंवा सुरकुतलेली आहे त्यांना तो अधिक बरा, मात्र तो पायावर वळ उठेल इतका घट्ट असू नये.

पट्टी आणि शरीर यांच्यामध्ये नळीला थोडी ढील हवी. ती पुरेशी आहे की नाही हे पाहण्यासाठी रुग्णाला पाय सरळ करायला, गुडघा दुमडायला आणि जमत असेल तर उभे राहायला सांगावे. यांपैकी कोणत्याही स्थितीत नळी ताणली जात असेल, तर पट्टी काढून पुन्हा लावावी. पुरुषांमध्ये पहाटे आपोआप येणाऱ्या ताठरतेमुळेही नळी ओढली जाते आणि झोपेतून कळवळून जाग येते. संकोचामुळे ही तक्रार कोणी बोलून दाखवत नाही, पण ढील वाढवल्यास ती बरीच कमी होते. पट्टी एक-दोन दिवसांनी दुसऱ्या मांडीवर बदलावी. जे पुरुष रुग्ण दीर्घकाळ पाठीवरच पडून आहेत, त्यांच्या बाबतीत नळी मांडीऐवजी ओटीपोटाकडे वळवून चिकटवावी का, हे डॉक्टरांना किंवा सिस्टरांना विचारावे. कारण एकाच दिशेने सतत दाब राहिल्यास लिंगाच्या खालच्या बाजूला जखम होते, आणि ती भरून यायला फार वेळ लागतो.

पिशवी कुठे आणि कशी

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या पातळीखाली असावी, हा नियम सगळ्यांना ऐकून माहीत असतो, पण आपल्या घरांत तो मोडतो तो काही ठरावीक प्रसंगी. रुग्ण जमिनीवर गादी टाकून झोपत असेल, तर पिशवी त्याच्या खाली जाऊच शकत नाही. ती शेजारी आडवी पडते आणि लघवी नळीतच तुंबते. अशा रुग्णाला काही दिवसांपुरते तरी खाटेवर झोपवावे. रिक्षातून किंवा गाडीतून नेताना पिशवी मांडीवर ठेवली जाते, चालताना ती हातात छातीशी धरली जाते, आणि सलाइनचा स्टँड घरात असेल तर कोणीतरी ती सरळ त्यालाच अडकवते. या तिन्ही वेळी पिशवीतली शिळी लघवी मागे मूत्राशयाकडे जाऊ शकते. पिशवी पलंगाच्या खालच्या आडव्या पट्टीला अडकवावी, जमिनीला टेकू देऊ नये. पलंग फारच बुटका असेल, तर एखाद्या स्वच्छ घमेल्यात ती ठेवावी.

नळीचा पिशवीपर्यंतचा भाग सरळ उतरता असावा. तो पलंगाच्या कडेवरून खाली लोंबून पुन्हा वर चढत असेल, तर त्या खोलगट भागात लघवी साचते आणि मागे दाब निर्माण होतो. नळी मांडीखाली दबलेली नाही, पलंगाच्या दांडीत चिमटलेली नाही, हे रात्री दिवा मालवण्याआधी हात फिरवून पाहावे. पिशवी अर्ध्याहून जास्त भरली की रिकामी करावी. दोन लिटरची पिशवी काठोकाठ भरण्याची वाट पाहू नये. रिकामी करण्यापूर्वी आणि नंतर साबणाने हात धुवावेत, खालच्या तोटीचे तोंड भांड्याला टेकवू नये आणि नळी व पिशवी यांचा जोड विनाकारण सोडू नये, कारण जंतू आत शिरण्याचा तो सर्वांत सोपा मार्ग आहे.

भारतीय पद्धतीच्या शौचालयात उकिडवे बसताना नळी पायाखाली येण्याचा किंवा टाचेत अडकण्याचा धोका असतो. शक्य असेल तर कमोड-खुर्ची वापरावी. नसेल तर बसण्याआधी पिशवी रिकामी करून ती पुढच्या बाजूला, नळी न ताणता धरून ठेवायला सोबत कोणीतरी असावे. हिंडणाऱ्या-फिरणाऱ्या रुग्णांना पायाला बांधायची लहान पिशवी मिळते. ती पायजम्याखाली किंवा साडीखाली दिसत नाही आणि तिचे वजनही कमी असते.

सारखी लागल्यासारखे वाटणे आणि कळा येणे

मूत्राशय हा स्नायूंचा असतो आणि आत आलेली परकी वस्तू बाहेर ढकलण्यासाठी तो आकुंचन पावतो. ही आकुंचने जोराची असली की ओटीपोटात पिळवटल्यासारखी कळ येते, काही सेकंद ते काही मिनिटे टिकते आणि त्या वेळी नळीच्या बाजूने थोडी लघवी गळते. प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस अशा कळा अधिक येतात. त्या धोकादायक नसल्या तरी रुग्णाला हैराण करतात, विशेषतः रात्री.

अशा वेळी रुग्ण जोर करून लघवी करू पाहतो, आणि घरचेही ‘होऊन जाऊ द्या, नळी आहे ना’ असे म्हणून त्याला जोर करायला सांगतात. नेमके तेच करू नये. जोर केल्याने आकुंचन वाढते आणि गळतीही वाढते. त्याऐवजी रुग्णाला कुशीवर किंवा पाठीवर गुडघे दुमडून झोपवावे, तोंडाने सावकाश श्वास सोडायला सांगावे आणि कळ ओसरेपर्यंत जवळ बसावे. ओटीपोटावर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची पिशवी ठेवल्यास आराम पडतो. मात्र मणक्याची इजा, अर्धांगवायू किंवा मधुमेहामुळे ज्यांच्या त्वचेची संवेदना कमी झाली आहे, त्यांना ती देऊ नये. त्यांना भाजलेले कळत नाही.

कळ ओसरल्यावर चार गोष्टी पाहाव्यात. पिशवीत लघवी उतरते आहे का? नळी कुठे मुडपली आहे का? मांडीवरची पट्टी सुटली आहे का? आणि पोट साफ होऊन किती दिवस झाले? शेवटच्या प्रश्नाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. आतड्याच्या शेवटच्या भागात साठलेला कडक मळ मूत्राशयावर आणि नळीवर दाब देतो. त्यामुळे कळा येतात, लघवी बाजूने गळते, कधी नळीचा प्रवाहच थांबतो. बिछान्यावर पडून असलेल्या वृद्धांत बद्धकोष्ठ फार सामान्य आहे, आणि लघवीच्या भीतीने पाणी कमी प्यायल्याने ते वाढते. पपई, पालेभाज्या, भिजवलेल्या मनुका, पुरेशा पाण्याबरोबर इसबगोल यांनी भागत नसेल, तर डॉक्टरांकडून रेचक लिहून घ्यावे.

हे सारे ठीक असूनही कळा थांबत नसतील, तर त्यांवर औषधे आहेत. सोलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन, मिराबेग्रॉन ही त्यांतली नेहमीची. पैकी पहिल्या तीन औषधांनी तोंड कोरडे पडते, बद्धकोष्ठ वाढते, काही प्रकारच्या काचबिंदूत ती चालत नाहीत आणि वृद्धांमध्ये गोंधळ किंवा भ्रम निर्माण होऊ शकतो. मिराबेग्रॉन घेताना रक्तदाबावर लक्ष ठेवावे लागते. म्हणून शेजाऱ्यांच्या वडिलांना लागू पडलेली गोळी आपल्या वडिलांना देऊ नये. शिवाय नळी चोंदली असताना अशी गोळी दिल्यास कळ दबते आणि खरा बिघाड लक्षात यायला उशीर होतो. साध्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल बहुतेकांना चालते. परंतु प्रौढांनीही २४ तासांत सर्व मिळून ४ ग्रॅमची मर्यादा ओलांडू नये, आणि वृद्ध, कृश किंवा यकृताचा विकार असलेल्या रुग्णांसाठी ही मर्यादा आणखी खाली असते. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असते, हे मोजताना विसरू नये. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला त्रासदायक ठरू शकतात. लघवी अडलेल्या रुग्णाला त्या विचारल्याशिवाय देऊ नयेत.

टोकाशी होणारी आग

नळी जेथून शरीरात शिरते तेथे थोडा चिकट स्राव येतो, तो वाळून खपली धरतो आणि नळी हलली की ती खपली घासते. दिवसातून एक-दोनदा आणि शौचानंतर ती जागा साधा साबण व कोमट पाण्याने धुवावी. नळीवर हात फिरवायचा तो शरीराकडून बाहेरच्या दिशेने, कधीही उलट नाही. आणि धुताना दुसऱ्या हाताने नळी शरीराजवळ धरून ठेवावी, म्हणजे ती ओढली जात नाही. स्त्रियांनी नेहमी पुढून मागे पुसावे. पुरुषांमध्ये अग्रत्वचा हलकेच मागे घेऊन धुवावी आणि धुतल्यावर ती आठवणीने पुन्हा पुढे आणावी. ती मागेच राहिली तर काही तासांत टोकाला सूज येते, मग ती पुढे येईनाशी होते, आणि ही तातडीने रुग्णालय गाठण्याची वेळ असते. घरी येणाऱ्या मदतनीसाला ही एक गोष्ट स्वतः समोर उभे राहून दाखवावी.

डेटॉल, सॅव्हलॉन, टाल्कम पावडर, हळद, खोबरेल तेल यांपैकी काहीही तेथे लावू नये. जंतुनाशकाने त्वचा अधिकच सोलवटते. पेट्रोलियम जेली आणि तेल यांनी लॅटेक्सची, म्हणजे नैसर्गिक रबराची, नळी व फुगा खराब होतो. फारच कोरडे वाटत असेल, तर पाण्यात विरघळणारी जेली किंवा डॉक्टरांनी सांगितल्यास लिग्नोकेन ही बधिर करणारी जेली वापरावी. रोजची आंघोळ बंद करण्याचे कारण नाही. नळी जोडलेली ठेवून तांब्याने पाणी घेऊन आंघोळ खुशाल करावी आणि नंतर जागा टिपून कोरडी करावी.

धुऊनही आग, खाज आणि लाली राहत असेल, तर नळीच्या जाडीचा आणि प्रकाराचा प्रश्न डॉक्टरांपुढे मांडावा. नळीवर फाट्यापाशी आकडा छापलेला असतो; त्याला ३ ने भागले की बाहेरची जाडी मिलिमीटरमध्ये मिळते. १६ क्रमांकाची नळी म्हणजे सुमारे ५.३ मिलिमीटर. एरवी बहुतेक प्रौढांना १२ ते १६ क्रमांक पुरतो. लघवीतून रक्ताच्या गाठी जात असतील तेव्हाच जाड नळीची गरज भासते. ‘बाजूने गळते म्हणून जाड नळी घाला’ हा आग्रह रुग्णाच्या बाजूने धरू नये, कारण गळती बहुधा आकुंचनाने किंवा अडथळ्याने होते आणि जाड नळीने दुखणे मात्र वाढते. काहींना लॅटेक्सची अ‍ॅलर्जी असते. त्यांच्यासाठी पूर्ण सिलिकॉनची नळी असते. ती महाग पडते, पण दीर्घकाळ नळी ठेवायची असेल तर ती अधिक सुसह्य असते, असे माझे मत आहे. लॅटेक्सची नळी साधारण दोन ते चार आठवड्यांत आणि सिलिकॉनची जास्तीत जास्त बारा आठवड्यांत बदलावी लागते. नेमकी मुदत पाकिटावर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर पाहून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करून ठेवावी. मुदत उलटलेल्या नळीवर आतून क्षार साचतात, ती चोंदते आणि काढतानाही खरवडते.

पाणी, काढे आणि अँटिबायोटिक

लघवी गडद आणि दाट असली की मूत्राशयाच्या अस्तराला ती झोंबते, म्हणून हृदयविकार किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन नसेल, तर दिवसभरात दोन ते अडीच लिटर द्रव पोटात जावे. रंग फिकट पिवळा राहिला की प्रमाण योग्य आहे असे समजावे. धने-जिऱ्याचे पाणी, सातूचे पाणी, ताक हे सारे चालते. त्यांचा मुख्य गुण त्यांतले पाणी हाच आहे, आणि रुग्ण साध्या पाण्याला कंटाळला असेल तर ते आवर्जून द्यावे. नारळपाण्यात पोटॅशियम पुष्कळ असते, त्यामुळे मूत्रपिंड कमजोर असलेल्या रुग्णाला ते विचारूनच द्यावे. कडक चहा आणि कॉफी मात्र कमी करावी. काहींच्या कळा त्याने वाढतात.

लघवी गढूळ दिसली किंवा वास आला की मेडिकलमधून अँटिबायोटिक आणण्याची सवय आपल्याकडे फार पसरली आहे. नळी असलेल्या रुग्णाच्या लघवीत दर दिवसागणिक जंतू दिसण्याची शक्यता सुमारे ३ ते ७ टक्क्यांनी वाढते आणि महिन्याभरात जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. त्यामुळे तपासणीच्या कागदावर ‘पस सेल्स’ (पू-पेशी) आणि ‘बॅक्टेरिया’ (जंतू) दिसणे हा त्या रुग्णापुरता आजार ठरत नाही. ताप, थंडी, कंबरेत किंवा बरगडीखाली दुखणे, नव्याने सुरू झालेला गोंधळ अशी लक्षणे असतील, तेव्हाच उपचार लागतो. लक्षणे नसताना दिलेल्या गोळ्यांनी जंतू जात नाहीत, उलट औषधाला दाद न देणारे जंतू उरतात आणि खऱ्या संसर्गाच्या वेळी हात बांधले जातात. तपासणीसाठी लघवी पिशवीतून कधीही देऊ नये. ती नळीच्या ठरावीक जागेतून सुईने किंवा नवी नळी घातल्यावर घ्यावी लागते. दीर्घकाळ नळी असलेल्यांची पिशवी कधीकधी जांभळी होते. ते पाहून घरचे घाबरतात, पण तो काही जंतूंमुळे तयार होणारा रंग असतो आणि बहुधा बद्धकोष्ठाशी जोडलेला असतो. डॉक्टरांना सांगावे, रात्री धावपळ करू नये.

संकोच

अवघडलेपण केवळ शरीराचे नसते. आयुष्यभर सोवळेपणाने वागलेल्या आजोबांना सुनेने पिशवी रिकामी करणे असह्य वाटते, आणि आईला मुलाने धुतलेले. ज्याला हात वापरता येतात त्या रुग्णाला पिशवी रिकामी करणे आणि नळीची स्वच्छता स्वतः शिकवावी. स्वतः केलेल्या गोष्टीचा ताण कमी जाणवतो. पिशवीला जुन्या सुती कापडाची खोळ शिवावी, म्हणजे भेटायला आलेल्यांची नजर तिकडे जात नाही. नळी असताना देवपूजेला बसू नये, असे काही घरांत रुग्णाला ऐकवले जाते. कृपा करून ते ऐकवू नये.

स्मृतिभ्रंश असलेले किंवा भ्रमात गेलेले रुग्ण नळी उपटण्याचा प्रयत्न करतात. फुगलेला फुगा मूत्रमार्गातून ओढला गेला तर मार्ग फाटतो आणि रक्तस्राव होतो. अशा रुग्णाची नळी पायजम्याच्या आतून खाली नेऊन डोळ्यांआड करावी, हाताला चाळा म्हणून एखादा रुमाल द्यावा, आणि नळीची खरोखर गरज उरली आहे का, हे लवकरात लवकर विचारावे. पुरुषांसाठी बाहेरून लावायचा कंडोम कॅथेटर, किंवा दिवसातून ठरावीक वेळा नळी घालून लगेच काढून घेण्याची पद्धत, असे पर्याय काही रुग्णांना लागू पडतात.

तातडीने रुग्णालयात कधी न्यावे

पाणी पिऊनही तीन-चार तास पिशवीत थेंबही आला नाही, नळी कुठेही मुडपलेली नाही आणि ओटीपोट फुगून दुखते आहे, तर नळी चोंदली आहे असे समजून लगेच निघावे. सिरिंजने पाणी मारून ती मोकळी करण्याचा प्रयोग, तसे शिकवले गेले नसेल तर, घरी करू नये. लघवी गुलाबी होणे नळी घातल्यानंतर एखादा दिवस चालते. पण ती लाल-दाट असेल किंवा रक्ताच्या गाठी येत असतील, तर थांबू नये. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप आणि हुडहुडी, वृषणाला सूज, रुग्ण अचानक सुस्त किंवा गोंधळलेला होणे हीही तीच वेळ. नळी निघून आली तर ती परत आत सरकवू नये. जागेवर स्वच्छ कापड धरावे आणि रुग्णालय गाठावे. मणक्याच्या वरच्या भागाला इजा झालेल्या रुग्णाचे डोके अचानक ठणकू लागले, चेहरा लाल होऊन घाम फुटला, तर नळीतील अडथळ्यामुळे रक्तदाब धोकादायक वाढत असण्याची शक्यता असते. अशा रुग्णाला प्रथम बसते करावे, नळीतील पीळ सोडवावा आणि त्याच वेळी मदत बोलवावी.

नळी बदलताना आणि काढताना

नळी बदलायला येणाऱ्या सिस्टर किंवा ब्रदर यांना, भूल देणारी जेली मूत्रमार्गात सोडल्यावर काही मिनिटे थांबण्याची विनंती निःसंकोच करावी. घाईत जेली सोडून लगेच नळी सरकवली, तर जेलीचा उपयोग केवळ ओलाव्यापुरता होतो. नळी आत जाताना रुग्णाने सावकाश श्वास सोडावा, अंग आखडून धरू नये. फुगा भरताना तीव्र कळ आली, तर ‘थांबा’ असे लगेच म्हणावे. फुगा मूत्राशयाऐवजी मूत्रमार्गात फुगत असल्याची ती खूण असू शकते, आणि सोसून गप्प बसल्याने इजा होते.

रुग्णालयातून निघतानाच ‘नळी कोणत्या तारखेला काढायची’ हे विचारून चिठ्ठीवर लिहून घ्यावे. हाड मोडले म्हणून किंवा शस्त्रक्रियेपुरती घातलेली नळी केवळ कोणी विचारले नाही म्हणून आठवडेच्या आठवडे राहते, आणि तिच्या वेदनेवर नळी काढण्यासारखा दुसरा उपाय नाही. प्रोस्टेटमुळे लघवी अडलेल्यांना बहुधा टॅम्सुलोसिनसारखे औषध काही दिवस देऊन नळी काढून पाहतात; कळांसाठीची औषधे सुरू असतील, तर त्याआधी ती केव्हा थांबवायची हेही त्याच वेळी विचारावे. काढण्याचा दिवस सकाळचा ठरवावा, म्हणजे काही अडचण आली तर दवाखाना उघडा असतो. काढल्यावर एक-दोन दिवस लघवी करताना आग होते, वारंवार जावे लागते, थोडी गळते. पाणी नेहमीसारखे प्यावे, एकदम तांबेच्या तांबे रिचवू नयेत. प्रत्येक वेळी किती लघवी झाली ते एका मोजपात्रात मोजून वेळेसह लिहून ठेवावे, आणि सहा ते आठ तासांत लघवी झाली नाही, किंवा थेंब थेंब होत राहून ओटीपोट जड वाटू लागले, तर तो कागद घेऊन त्याच दिवशी परत जावे.